डोहाळजेवणाच्या वाट्या मी भरल्या होत्या

प्रिय सुनंदा,

तुला जाऊन आठ महिने झाले आणि तुझ्या वन्संना आज पत्र सुचतंय! तुझ्या आजारपणात रोज उशाशी बसून मोसंबी सोलत होते, तेव्हा तोंड शिवलं होतं का, असं तू विचारणार नाहीस. तेवढी खवट तू कधीच नव्हतीस. तो मक्ता माझा.

लिहायचं कारण तुझी मुक्ता. सातवा लागलाय तिला. काल कात्रजला तिच्याकडे गेले होते. मेथी निवडता निवडता एकदम म्हणाली, "आत्या, मी झाले तेव्हा आई रडली होती ना? आजीनं सांगितलं होतं मला. आईला मी नकोच होते. आता मला मुलगी झाली आणि मलाही तसंच वाटलं तर?" या विचारानं पोरीला झोप लागत नाही. तू जन्मभर तिच्यासाठी झिजलीस, तरी आजीचं ते एक वाक्य तिच्या मनातून गेलेलं नाही. आणि मी काय केलं? "मेथी फार जून आणलीस," म्हणाले आणि रिक्षा करून घरी आले. लाज वाटते गं!

तुझं डोहाळजेवण आठवतं? शनिवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत चाळीस बायका. तुझ्यापुढे झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तू उघडलीस त्या वाटीत पेढा. केवढा गलका झाला! आईनं तर कानशिलावर बोटं मोडली.

सुनंदा, दुसऱ्या वाटीतही पेढाच होता.

पहिल्या दिवसापासून आईचं "मुलगाच हवा" चाललं होतं. म्हटलं, एकदा पेढा निघाला की ती गप्प बसेल, तुला दोन महिने सुखाचे मिळतील. केवढी मी शहाणी! शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई!

आई कसली गप्प बसते? तिनं गल्लीभर सांगितलं, नवस बोलली, नावसुद्धा ठरवलं. येणारी प्रत्येक बाई तुझ्या पोटाकडे बघून "काय म्हणतोय बाळकृष्ण?" विचारायची. तुला घास उतरेना. एकदा कपडे वाळत घालताना तू हळूच म्हणालीस, "वन्सं, मुलगी झाली तर हो?" मी म्हणाले, "शुभ बोल." तेव्हाच का नाही सांगून टाकलं? पस्तिशीची, पगार मिळवणारी बाई मी, आईला घाबरत होते!

तुझं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी काही ताण आहे का?" तू तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "छे हो, फुलासारखं जपतो आम्ही हिला." भांडायचंस ना एकदा माझ्याशी! किती ऐकून घ्यायचं माणसानं? नवऱ्याकडूनही तुला आधार नव्हता. माझा भाऊच तो, पेपरात डोकं घालून बसलेला.

मुक्ता झाली. आईला दारात पाहताच तू रडायला लागलीस. "आई, माफ करा," म्हणालीस. कसली माफी गं? माफी मी मागायची होती, तुझी. मी पाण्याचा तांब्या भरायला लागले.

आई पाठ फिरवून गेली. तिनं नातीला सांगितलं ते एवढंच, कारण तिला तेवढंच माहीत होतं. पुढचं फक्त मला माहीत आहे. ती गेल्यावर तू दुपटं सोडवून मुक्ताची बोटं एकेक करून मोजलीस आणि हसलीस. "वन्सं, मला हीच हवी होती. कुणाला सांगू नका हं."

तीस वर्षं नाही सांगितलं. उद्या सकाळी कात्रजला जाते आणि मुक्तासमोर बसून सगळं सांगते. आधी वाट्यांचं, मग तुझं हे वाक्य. तिनं मला घराबाहेर काढलं तरी चालेल, पण वाक्य पुरं ऐकवूनच निघेन. तुला दिलेला शब्द मोडणार आहे, सुनंदा. बाकी सगळ्याची माफी मागते, याची मागणार नाही.

तुझी अपराधी,
कुमुदवन्सं