गोठ्यातले सव्वीस डबे

प्रिय वहिनी,

अर्धा डबा हिरवा ऑइलपेंट आपल्याला पडला पाच भाऊबिजांना. रंग माझा, भाऊबिजा तुमच्या. ही किंमत मला तुमच्या दहाव्यानंतर चौथ्या दिवशी कळली आणि तेव्हापासून घास गोड लागत नाही, म्हणून लिहायला बसलो. समोर असतात तर म्हणाला असतात, "भावजी, आधी जेवा, मग भांडा." जेवलोय. आता भांडतो.

पालेगावात हल्ली प्रत्येक बांधावर बिल्डरचा माणूस टेप घेऊन उभा असतो. आपल्या गोठ्याचाही नंबर लागला. तो रिकामा करायला मी माळ्यावर चढलो, तर जुन्या पेंढ्यामागे रंगाचे डबे! एक-दोन नव्हे, सव्वीस. झाकण एकालाही नाही. आत रंग आणि लाकडाचा भुसा, सुकून दगड झालेला. त्यांतच आपला तो अर्धा हिरवाही.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? बोटाने वाजवून पाहिले. उल्हासनगरच्या दुकानात मी पॉलिशपेपर घासायला लागलो तेव्हा सिंधी सेठने शिकवलं होतं, "साईं, ढक्कन मत खोल, बजा के देख." त्या कानांवर मी ठेकेदार झालो. डबा वाजवून आतला रंग सांगायचो, आवाज ऐकून माणसाच्या मनातलं सांगायचो. तुमच्या मनातलं मात्र कधीच नीट सांगता आलं नाही. का बरं, वहिनी?

आठवतं, कामावरून उरलेले डबे मी मागच्या पडवीत ओळीने लावायचो? "कधी ना कधी लागतात," म्हणायचो. लागत नव्हतेच. साय धरलेला रंग मी मागच्या गटारात ओतायचो, ब्रश धुतलेलं टर्पेंटाइनही तिथेच. तुमचं अळू जळालं तेव्हा तुम्ही मला हात धरून दाखवायला नेलंत.

"भावजी, हे पाणी विहिरीकडे जातं."

"अहो, उल्हासनगरचा नाला सकाळी लाल वाहतो, संध्याकाळी निळा. कोणी विचारतं का? आपला तर चमचाभर!"

"नाला कोण पितं?" तुम्ही विचारलंत.

मी हसलो होतो. तुम्ही नाही हसलात.

मग त्या चैत्रात विहिरीवर तवंग आला. हंड्याला वास, भाताला वास. सगळी भावकी काठावर जमली. कोणी म्हणालं टँकरवाल्याचं काम, कोणी म्हणालं कारखान्याचं. सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता? माझा! "सापडला तर तंगडी मोडीन," असं मीच ओरडत होतो. तुम्ही रिकामी कळशी कमरेवर घेऊन माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं, दिराचं कौतुक वाटतंय.

विहीर उपसली, पाणी पुन्हा भरलं, पण भावकीने ठरवून टाकलं होतं: ज्याचं काम निघेल त्याचं विहिरीवरचं पाणी बंद. त्यानंतरच माझे डबे गायब व्हायला लागले. महिन्याला एक. चोर हुशार होता, जागेवर दुसरा डबा ठेवून रांग मोडू द्यायचा नाही. एकदा मी ओळीने वाजवत गेलो तर पाचवा डबा ढप्प वाजला. उघडला, तर आत माती! खरं सांगतो, वहिनी, त्या दिवसापासून मी घरातल्या मांजरीकडेही संशयाने बघायचो.

आणि संशय जाणार कुठे? तुमचा भाऊ जानू उल्हासनगरात पत्र्याच्या ट्रंका बनवायचा. दर रविवारी सायकलला पोतं बांधून यायचा, पोतं घेऊन जायचा. एकदा मी त्याच्या दुकानावरून गेलो तर सगळ्या ट्रंका हिरव्यागार. आपला हिरवा डबा नाहीसा होऊन आठवडाही झाला नव्हता. आणखी काय पुरावा लागतो?

तुमच्या कुंदाच्या साखरपुड्याला मांडवात पंगत बसली होती. व्याही, भावकी, सगळे. जानू वाढत होता. मी म्हटलं, "जानूशेठ, जिलेबी तुमची, पण ट्रंकांचा रंग आमचा हां!" लोक हसले. तो थांबला.

"काय म्हणायचंय, दाजी?"

"मी मागून बोलणारा माणूस नव्हे. असेल ते तोंडावर, चारचौघांत. पोत्यात काय नेतोस ते सांग."

त्याने पातेलं खाली ठेवलं आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्या भावाने डबा नाय नेला."

"मग गेला कुठे?"

तुम्ही एकदा भावकीकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे. आणि पातेलं उचलून पुढच्या पानावर जिलेबी वाढलीत. मला वाटलं, चोरी कबूल झाली. जानू हात धुऊन निघून गेला तो पाच वर्षं आपल्या उंबऱ्यावर आला नाही.

भाऊबिजेला तुम्ही ताट घेऊन अंगणात चंद्राला ओवाळायला लागलात. पहिल्या वर्षी मीच खवचटपणे विचारलं होतं, "चंद्र बरा पडतो का?"

"बरा पडतो. तो डबे नाय नेत."

मी घरात जाऊन रेडिओ मोठा केला.

परवा कुंदाला गोठ्यात बोलावलं. तिने डबे बघितले आणि खाली बसली. "काका, मला हे आईने अगदी शेवटी सांगितलं. आई भुसा घालून काठीने ढवळायची. झाकण काढून इथे वाऱ्यावर ठेवायची, चुलीपासून लांब. म्हणाली, ओला गेला तर विहिरीत जातो, सुकला तर कुठे जात नाही."

"आणि भुसा?"

"जानूमामा आणायचा ना वखारीतून, शेगडीसाठी. त्यातलाच ओंजळभर काढायची. मामालाही ठाऊक नव्हतं."

म्हणजे पोतं येताना भरलेलं असायचं, जाताना रिकामं. मी नेहमी जातानाच बघितलं!

कुंदाला मी विचारलं, "हे तुझ्या आईला शिकवलं कोणी?" ती म्हणाली, "तुम्हीच." खरंच की! दुकानात रंग सांडला की आम्ही भुसा टाकून गोळा करायचो, ही फुशारकी मी तुमच्याच चुलीपुढे बसून मारली होती.

त्या दिवशी मांडवात "डबे गोठ्यात आहेत" म्हणाला असतात, तर पुढचा प्रश्न आला असता, "का?" मग विहीर निघाली असती, आणि माझं पाणी बंद. दीर वाचवायचा की भाऊ, हे तुम्ही जिलेबीच्या पंगतीत उभ्या उभ्या ठरवलंत. एवढी घाई का केलीत, वहिनी? मला नंतर एकट्याला गाठून चार शिव्या का नाही घातल्यात? मी ऐकलं नसतं म्हणून?

आणि अजून एक संशय आहे. राग मानू नका. सुकलेले डबे कधीच टाकता आले असते. तुम्ही ते ठेवलेत. मुद्दाम ना? मी कधीतरी माळ्यावर चढेन म्हणून?

काल एक डबा पिशवीत घालून नगरपालिकेत गेलो. क्लार्कने पिशवीत डोकावून विचारलं, "कोणी पाठवलं तुम्हाला? समोरच्या पार्टीने?" मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. त्याला वाटलं, मी. शेवटी आतून स्वच्छता निरीक्षक आले. रंगात पेन खुपसून पाहिलं, टोक आत गेलं नाही.

"पूर्ण सुकलाय. असाच उघडा कचऱ्यात द्या, आमच्या माणसाला आतलं दिसलं पाहिजे. ओला असता तर घेतला नसता. आणि गटारात ओतलात तर नोटीस काढीन."

"ओला वापरण्यासारखा असेल तर?"

"मग ज्याला लागतो त्याला द्या की! साठवता कशाला?"

साताऱ्याचे गृहस्थ, तुम्हाला कधी भेटले नाहीत, पण बोलत होते तुमच्यासारखंच.

तर वचन देतो. डबे चार-चार करून मी स्वतः नेऊन देईन, उघडे. माझ्या साइटवर आता उरलेला चांगला रंग त्याच घरमालकाकडे राहील, वाईट रंगात भुसा पडेल, आणि टर्पेंटाइन निवळून पुन्हा वापरलं जाईल. भावकीच्या पुढच्या बैठकीत विहिरीचं मी सांगेन, मग पाणी बंद होवो. पण त्याआधी जानूला सांगेन. या भाऊबिजेच्या आत.

आज सकाळी तो तुमचा फोटो मागायला आला होता. तासभर माझ्यासमोर बसला, दोन वेळा चहा झाला. मी त्याच्याशी पत्र्याच्या भावाबद्दल बोललो.

तुमचा भावजी,
मधुकर