आमचा शिपाई दुप्पट उंच

४ मार्च, बुधवार
महायुद्धाला सातवा महिना लागला. संपादकसाहेबांनी बोलावून सांगितलं, दोन्ही बाजूंच्या सैन्यांची तुलना एका नजरेत कळेल असं चित्र हवं, कचेरीच्या दर्शनी काचेत लावायला. आपले चाळीस लाख, त्यांचे वीस. मी म्हटलं, उभ्या पट्ट्या कोण बघतो? शिपाई काढतो. आपला उंच, त्यांचा बुटका. साहेब खूश. पेपरात नकाशे काढणाऱ्या माणसाला पंधरा वर्षांत पहिल्यांदा डोकं वापरायला मिळालं. आजपासून सिगरेट बंद. हात स्थिर हवा.

५ मार्च
चिरंजिवांना मॉडेल म्हणून उभं केलं. वय एकोणीस, एरवी घरात एका जागी ठरत नाहीत. डोक्यावर पातेलं, खांद्यावर छत्री. ही म्हणाली, पातेलं दुधाचं आहे, लवकर आटपा. दुप्पट उंच काढला तर शिपाई बांबूसारखा दिसायला लागला, म्हणून रुंदीही दुप्पट केली. आता भारदस्त दिसतो. सिगरेट एकच, जेवणानंतरची. ती धरत नाहीत.

७ मार्च
चित्र काचेत लागलं. बाहेर गर्दी. प्रूफरीडर म्हणाला, उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, म्हणजे आपला शिपाई चौपट झाला. मी म्हटलं, खाली आकडे बरोबर लिहिलेत ना? तो म्हणाला, मुंगीच्या अक्षरात. हा माणूस दुकानांच्या पाट्यांवरही स्वल्पविराम शोधत फिरतो. दुर्लक्ष केलं.

१६ मार्च, सोमवार
प्रूफरीडर नवा आकडा घेऊन आला. आणखी एक देश त्यांच्या बाजूने उतरला. आता त्यांचे अडतीस लाख. म्हणजे जवळजवळ बरोबरी. चित्र बदलायला हवं, यावर आमचं दोघांचं एकमत झालं (पहिल्यांदाच). साहेब बाहेरगावी आहेत. निरोप आला, तुम्हीच बघा. बघतो. काळी शाई संपत आलीय. उद्या नक्की.

१७ मार्च
शाई आली. ब्रश कडक झालेत. उद्या.

१८ मार्च
सर्दी. शिंक आली की रेघ हलते. अर्धवट काहीतरी करण्यापेक्षा पुढच्या सोमवारी मन लावून करावं. संध्याकाळी चिरंजीव मित्रांबरोबर काचेसमोर उभे दिसले. चित्रातलं नाक आपलंच आहे, हे सगळ्यांना पटवत होते. बरं वाटलं. माझ्या कामाचं घरच्यांनी आजवर कधी कौतुक केलेलं नाही.

१९ मार्च
चिरंजीव भरती झाले. सही आधी केली, घरी मग सांगितलं. म्हणाले, आपण एवढे आहोत, उन्हाळ्याच्या आत सगळं आटोपेल, मग मी काय बघत बसू? ही रडली नाही. मला आतल्या खोलीत नेऊन म्हणाली, नाव मागे घ्यायला दोन दिवस आहेत. तुम्हाला यातलं कळतं. खरंच एवढा फरक असेल तर जाऊ दे त्याला. नसेल तर तसं त्याच्या तोंडावर सांगा, तुमचं तो ऐकेल. मी म्हटलं, चित्र बघितलंस ना? बघितलं, म्हणाली. मग झालं तर, म्हटलं.

२० मार्च
चिरंजिवांशी बोलायचं ठरवून लवकर घरी आलो. ते पोहायला गेलेले. आल्यावर जेवायला बसलो. जेवताना असले विषय नकोत. शिवाय ते अडतीस लाख कागदावरचे. त्यात स्वयंपाकी आले, धोबी आले, न्हावी आले. खरे लढणारे वीसच असतील. म्हणजे चित्र तसं बरोबरच आहे. हे सुचलं आणि गाढ झोप लागली.

२१ मार्च
मुदत संपली. आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. एका परीने मोकळं वाटतं. सिगरेटी चार.

२३ मार्च, सोमवार
चिरंजीव गेले. गाडी वेळेवर सुटली. कचेरीत येऊन ब्रश भिजत घातले.

११ एप्रिल
साहेब परत आले. भरतीवाल्यांना चित्र फार आवडलंय, रांगा लागतायत, हात लावू नका म्हणाले. मी तर बदलायला अगदी तयारीत होतो. नाइलाज आहे.

९ जून
चिरंजीव चार दिवसांच्या रजेवर. बोलतात कमी, झोपतात फार. ही उशाशी बसून असते. आज आग्रह करून त्यांना काचेपाशी नेलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, बाबा, ते आमच्याच उंचीचे आहेत. मी म्हटलं, अरे, हे सगळं प्रतीकात्मक असतं. हो, म्हणाले. मग आम्ही चहा प्यायलो.

२ ऑगस्ट
तार आली. चिरंजीव बेपत्ता. बेपत्ता म्हणजे फक्त बेपत्ता, असं हिला समजावून सांगितलं. सापडतात माणसं. दोरीवरचे कपडे आज कोणी काढले नाहीत. मला काही वाटत नाही. हातपाय दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे आहेत. दुपारी कचेरीत गेलो. सैन्याचा नवा आकडा आलाय. आपला वाढलाय.

६ ऑगस्ट
ही चार दिवस एक अक्षर बोलली नव्हती. आज भाजी निवडताना तिने विचारलं, त्यांचे अडतीस लाख झालेत हे तुम्हाला कधी कळलं? सकाळच्या अंकात दोन्ही बाजूंचे आकडे छापून आलेत, ते तिने वाचले असणार. मी म्हटलं, तो गेल्यावर. एप्रिलात. तिने भाजी खाली ठेवली. म्हणाली, मी उगीचच मनात धरून बसले होते. तुमचा यात काय दोष? आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. बऱ्याच वर्षांत असं केलं नव्हतं. नंतर थोडं जेवलीसुद्धा.

प्रूफरीडर उद्या संध्याकाळी हिला भेटायला घरी येतो म्हणालाय. त्याला तारखा पाठ असतात. काहीतरी सांगून त्याला थोपवायला हवं.