गाळलेल्या अक्षराची खूण

२ फेब्रुवारी १९७६

काय गं वही, विसरलीस की! काल एवढं सांगितलं, आज पान उलटलं तर तोंड कोरं. माझ्यापेक्षा तूच म्हातारी. मला अक्षर येत न्हाय, पण आठवतं सगळं. सांगणार मी, काशम्मा. लिवणार माझी नात विजी, दहावीची.

आज तिचं इंग्रजीचं रडगाणं. डू नॉटचं डोन्ट होतं म्हणे. दोन शब्द सांधायचे, मधलं अक्षर गाळायचं, त्याच्या जागी वर एक खूण द्यायची. पोरीच्या डोक्यात शिरंना. म्हटलं, हे तर मागावरचं काम! धागा तुटला की दोन टोकं पिळायची, गाठ मारायची, उरलेलं शेपूट कापायचं. गाठ हीच खूण.

५ फेब्रुवारी

मागावरचे धागे तोडून शिकवलं. एक गाठ, एक शब्द — कान्ट, इजन्ट, डिडन्ट. बावीस गाठी, एक चुकली न्हाय. विल नॉटचं वोन्ट तेवढं आडमुठं, कायदाच मानत न्हाय. माझ्या लेकासारखं, विजीच्या बापासारखं, बसलिंगासारखं.

मागावर नवी पेठेतल्या दुकानाची चादर अर्धी विणलेली होती. ते माझ्या ध्यानातच आलं न्हाय.

७ फेब्रुवारी

बसलिंगाला गाठींची रांग दिसली. कुणी केलं? मी तोंड उघडायच्या आत विजी म्हणाली, मी.

मागावरचा आडवा धागा नेणारा धोटा उचलला त्यानं. त्याची दोन्ही टोकं लोखंडाची. आधी पाठीवर, मग कानाखाली. परकरावर रक्त. मी मधी पडले, मला भिंतीवर फेकलं.

हे लिवताना विजी थांबली. म्हटलं, तुझंच रक्त हाय म्हणून गाळू नको.

८ फेब्रुवारी

अंग ठणकतंय. दोघींचं.

११ फेब्रुवारी

विजीची आई गंगम्मा असाच मार खाऊन गेली. तीन वर्सं झाली. जिन्यावरनं पडली, असं मीच लोकांना सांगत फिरले.

आज विजी म्हणाली, "आज्जी, गाळलेल्या अक्षराची बी खूण ठेवतात. आईची कुटं हाय?"

मी चुलीत लाकडं सारत बसले.

१६ फेब्रुवारी

बसलिंगानं विजीसाठी अक्कलकोटचा बिजवर बघितला. परीक्षा बास म्हणे. विजी एवढंच म्हणाली, पेपर देणार. त्यानं तिचा उजवा हात मागाच्या लाकडावर दाबून धरला. लिवणारा हातच मोडतो म्हणाला. धोटा वर गेला.

माझ्या हातात दांडकं कधी आलं, कळलं न्हाय. त्याच्या उजव्या कोपरावर घातलं. हाड वाजलं. तरी विजीचा हात सोडंना. दुसरा घाव घातला, तो मात्र कळून.

"गंगम्मा जिन्यावरनं पडली न्हवती, बसलिंगा," मी म्हटलं. "वहीत तू लिव, न्हायतर चौकीत मी सांगते."

८ मार्च

अक्षर वाकडं हाय. लिवणारा बसलिंगा, डाव्या हातानं. उजवा प्लास्टरात. विजी मावशीकडं, उद्या इंग्रजीचा पेपर.

लिव — गंगम्माला मी मारलं.

थांबू नको. गाळू नको. वही विजीकडं जाणार, पुढं काय करायचं ते ती ठरवील.

अन् सकाळी तिला डबा पाठव. शेंगाची चटणी, घट्ट दही, ज्वारीची भाकरी. भाकरी मी मऊ थापते. चावताना तिला कानाखाली अजून दुखतं.