मंगळवारचं गरम पाणी

प्रिय त्रिशला,

तुला पाठवलेल्या रताळ्याच्या चकत्यांच्या पुड्यावर किंमत छापलीय, ती खरी धरू नकोस. खरा हिशोब असा: रताळी आपल्या शेजारच्या यशोदाआक्कांच्या रानातली. त्यांना घातलेलं खत आण्णाप्पाच्या गोबरगॅसच्या टाकीतलं. वाळवायला ना सरपण लागलं ना ऊन, माझ्या कोल्ड स्टोरेजनं बटाट्यांच्या अंगातून काढलेली उष्णता तेवढी लागली. इथपर्यंतचा हिशोब तुला पाठ आहे, तूच तर मांडलास तो. या खेपेच्या पुड्याला मात्र आणखी एक गोष्ट लागली. ती सांगतो, पण आधी चकत्या खाऊन घे. आपल्या जैन घरात न चालणारं जमिनीखालचं तू पुण्यात खातेस हे तुझ्या आईला ठाऊक नाही असं समजू नकोस. पुडा बांधताना तीच म्हणाली, "दोन घाला, मैत्रिणीपण असतील की."

पत्र सकाळी लिहायला घेतलं, आता दुपार झाली. दोन ओळी लिहितो आणि उठून मशीनघरात जाऊन येतो. कॉम्प्रेसर नीट चाललाय, कुठं खरखर नाही, तरी पाय तिकडंच वळतात. तुझी आई म्हणते, "त्या मशीनशीच सोयरीक करायची होती, माझ्या बापाचा खर्च तरी वाचला असता." निपाणीत फ्रिज दुरुस्त करत फिरायचो तेव्हापासूनची ही खोड. झाकण उघडायच्या आत नुसत्या आवाजावरून सांगायचो, गॅस गेलाय की बेअरिंग. त्या कानांवर भाकरी कमावली, शेड उभी केली आणि बटाटा तोंडात न घालणाऱ्या घराण्यातला मी बेळगावात बटाटेवाला म्हणून ओळखला जाऊ लागलो. हल्ली मात्र याच कानांमुळं एका जागी बसवत नाही.

तू शनिवारच्या भाषणासाठी दोनदा फोन केलास, आपल्या गरम पाण्याच्या पायपाचे फोटो मागितलेस. "पाठवतो की," म्हणालो आणि हवापाण्याचं बोलत बसलो. तुला शंका आली असणार. माझं फोनवरचं हसणं तू ओळखतेस.

तुला तो उंबर आठवतो का, आक्कांच्या विहिरीजवळचा? शिक्षण संपवून आलीस त्या वर्षी त्याच्याखाली दिवसभर बसायचीस. मला वाटलं, पोरीचं कुठंतरी जुळलंय. विचारलं तर म्हणालीस, "पप्पा, या झाडाचं कुणाच्याच कामाला येत नाही असं काहीच नाही. फळात किडा वाढतो, फळ पाखरू खातं, पाखराची विष्ठा मातीला मिळते, माती झाडाला. आणि आपण? तुम्ही गरम पाणी टॉवरवर चढवून उष्णता हवेत सोडता, पलीकडं आक्का चकत्या वाळवायला लाकडं फोडतात, आणि त्यांच्या साली रस्त्याकडंला कुजतात." मी म्हणालो, "बाई, झाडाला लाइटबिल येत नाही." पण डोक्यात किडा सोडलास तो सोडलासच. सहा महिन्यांत माझ्या शेडमधून आक्कांच्या वाळवणघरापर्यंत पाइप गेला. तिथल्या जाळीतून गरम पाणी फिरायचं, पंखे त्यावरून हवा ओढायचे, चकत्या वाळायच्या आणि पाणी गार होऊन माझ्याकडं परत यायचं. साली आण्णाप्पाच्या म्हशींना, शेण टाकीत, टाकीच्या गॅसवर तो खवा आटवून कुंदा करायचा. आण्णाप्पा तर गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या कुंद्यात बटाट्याची ऊब हाय बगा." मग मी जुना कूलिंग टॉवर भंगारात घातला. फाउंड्रीवाला गोमटेश म्हणाला, "आण्णा, असू दे की मागं, खायला मागतोय का?" मी छाती काढून सांगितलं, "मला टॉवर कशाला? शेजारी हाच माझा कूलिंग टॉवर!" ते वाक्य तुला इतकं आवडलं, की भाषणाच्या पहिल्याच चित्रावर तू ते घातलंस.

आता न सांगितलेलं सांगतो. गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी चहा पिताना कॉम्प्रेसरचा आवाज जड लागला, भरल्या बैलगाडीनं चढ चढावा तसा. जाऊन बघतो तर आक्कांकडून आलेलं पाणी गेलं तसंच गरम. वाळवणघराला कुलूप, पंखे बंद. मला वाटलं, कुणी आजारी पडलं. धावत गेलो तर आक्का ओसरीवर निवांत शेंगा सोलत बसलेल्या.

"देवीची यात्रा हाय आण्णा," म्हणाल्या. "यात्रेआधी पाच आठवडं मंगळवार-शुक्रवार आमच्या गावात वार पाळायचा. नांगर न्हाय, गिरण न्हाय, कसलं चाक फिरवायचं न्हाय."

"वाळवू नका काही. नुसते पंखे फिरवा, रिकामे."

"रिकामं जातं फिरवलं तरी फिरवलंच म्हणायचं न्हवं?"

मी म्हणालो, आक्का, माझ्या बटाट्यांना वार कळत नाही. तर म्हणाल्या, "आणि गावाला तुमची मशीन कळत न्हाय, त्याला मी काय करू? तुमच्या पर्युषणात तुम्ही गाडी आत घेत न्हाय. माझी रताळी भरलेली गाडी दारात हुभी ऱ्हायली, तवा मी काय बोल्ले का? म्हंटलं, आण्णांचा धरम हाय, थांबूया."

बाजारात भल्याभल्यांना गप्प केलेला मी शेंगा खात बसलो.

या गावची यात्रा लई वर्षांनी येते. मागची झाली तेव्हा मी निपाणीत होतो, तू जन्मलीही नव्हतीस. आपण दोघांनी काढलेल्या नकाशात पाइप होते, व्हॉल्व्ह होते, कुठल्या तासाला किती पाणी तेही होतं. कोण कधी देवासाठी हात थांबवतो, तेवढं नव्हतं. माझ्या ना तुझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

टॉवर मागवायला मन घेईना. शहाणपणा म्हण किंवा ताठा म्हण. बोअरचं पाणी फिरवून बघितलं, बर्फाच्या लाद्या टाकल्या, आण्णाप्पानं टँकर आणून दिला. आठवड्यात दोन दिवस गरम, पाच दिवस गार असं चाललं. शेवटी एका खोलीतल्या बियाण्याच्या बटाट्यांना अवेळी कोंब फुटले. ते शेतकऱ्यांचं बियाणं होतं. त्यांचं नुकसान मी भरून दिलं, किती ते विचारू नकोस. पुड्याला लागलेली ती आणखी एक गोष्ट म्हणजे ती खोली. आक्कांना कळल्यावर त्या आल्या, कोंबांवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "बटाटंबी यात्रंला निघालं म्हणायचं." हसल्या, पण डोळ्यांना पदर लावला. वार मात्र मोडला नाही. मोडा असं मीही म्हणालो नाही.

परवा सहज उंबराखाली गेलो. कान टवकारले तर उंबर गप्प. त्याची फळं संपली होती, आणि बांधावरच्या वडावर नुसता गलका चाललेला. तीच पाखरं, त्रिशू. उंबर आटला म्हणून ती उपाशी मेली नव्हती, आणि वड मिळाला म्हणून उंबराशी भांडलीही नसावीत. तू तिथं दिवसचे दिवस बसलीस, मी तिथलीच गोष्ट लोकांना रंगवून सांगितली, पण दुसऱ्या झाडाकडं आपण दोघांनीही मान वळवली नाही.

म्हणून हे पत्र. शनिवारी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत सगळे कारखानदार तुझ्यासमोर बसतील. कुणाची वाफ, कुणाची राख, कुणाचं पाणी, एकमेकांत वाटून घ्यायचं की नाही हे ते त्या दिवशी ठरवणार. गोमटेश पहिल्या रांगेत असेल आणि पहिलाच प्रश्न टाकेल, शेजारी बंद राहिला तर? तेव्हा तुला काही ठाऊक नसावं आणि त्याला सगळं ठाऊक असावं, हे मला सोसणार नाही. दुसरी भीती याहून मोठी आहे. हे वाचून तू भाषणच रद्द करशील, योजना फसली म्हणशील. फसलेली नाही. पाच दिवस पाणी आक्कांकडंच जातंय आणि पुढंही जाईल. तू बोल. कोंब फुटलेली खोली सांग, आक्कांचं जातं सांग, नकाशावर प्रत्येकाच्या सणावारांची एक ओळ घाल. फक्त पहिल्या चित्रावरचं माझं वाक्य काढून टाक. पायपाचे फोटो सोबत आहेत. त्यातल्या शेवटच्या फोटोत माझ्या शेडमागं दिसतोय तो नवा कूलिंग टॉवर आहे, आणि या मंगळवारी दिवसभर तोच चालला.

मशीनघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेला, तुझाच,
पप्पा