ताईची मापं आणि माझा इन्स्टॉलर

३ जून, सकाळ
ताईच्या शिवणकामाच्या दुकानासाठी मी केलेल्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन दोन तयार. गिऱ्हाइकांची सगळी मापं वर्षभर पहिल्या व्हर्जनमध्येच आहेत. या वेळी ती स्वतःच ते कॉम्प्युटरवर बसवणार, म्हणून इन्स्टॉलर बनवायचं एक टूल घेतलंय. आपल्याला हवं तसं सजवायचं, बस्स. संकल्प: दोन दिवसांत हातावेगळं करणे. बॅकअपचं बटणही करणे.

५ जून
दिवसभर स्वागताचा स्क्रीन. निळा रंग ठरला. बायको म्हणाली, बँकेसारखा दिसतो. आभार मानले.

८ जून
इन्स्टॉल फारच पटकन होतं. एवढ्या पटकन झालं तर माणसाला वाटतं, काही झालंच नाही. म्हणून प्रोग्रेस बार मुद्दाम रेंगाळत ठेवला. आता काम भारदस्त वाटतं. बॅकअपचं बटण उद्या.

९ जून
लायसन्स लिहिण्यात दिवस गेला. 'कोणत्याही नुकसानीस लेखक जबाबदार राहणार नाही' हे वाक्य झकास जमलं. 'मला मान्य आहे' वर टिक केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. बायकोने विचारलं, सख्ख्या बहिणीकडून असलं लिहून घ्यायचं का. तिला प्रोफेशनल काम कशाशी खातात ते माहीत नाही.

११ जून
टूलमध्ये एक भारी ऑप्शन सापडला: 'बसवण्याआधी जुनं फोल्डर साफ करा.' लगेच टिक केली. मला स्वच्छतेची आवड पहिल्यापासून आहे (टेबलाचं सोडा). फाइल ताईला पाठवली. सांगितलं, डोळे झाकून नेक्स्ट दाबत जा.

१२ जून, दुपार
ताईचा फोन. बसलं म्हणाली. तो सरकणारा पट्टा छान आहे म्हणाली. मग म्हणाली, यात मापं कुठे दिसत नाहीत. म्हटलं, दिसतील, जरा थांब.

१२ जून, त्यानंतर लगेच
मापं जुन्या फोल्डरमध्ये होती.

१३ जून
शांतपणे विचार केला. सॉफ्टवेअरने सांगितलेलंच काम केलं. बटण ताईने दाबलं. मान्य असल्याची टिकही तिचीच आहे. म्हणजे मी मोकळा. जेवण गेलं नाही, पण उकाडाही फार आहे.

१४ जून
पुसलेल्या फाइली परत आणायचा प्रोग्राम घरबसल्या तिच्या कॉम्प्युटरवर चालवला. एवढ्या खटाटोपातून एका बाईची फक्त बाही मिळाली. ताईला कळवलं की काम चालू आहे.

१६ जून
दुकानावरून गेलो, आत गेलो नाही. ताई एकेकीला पुन्हा मापाला बोलावतेय. दारात बायका ताटकळत उभ्या. बायको सांगत होती, एका नवरीने सगळे कपडे उचलून दुसरीकडे नेले. जुन्या वह्या रद्दीत घाल, कटकट जाईल, असं ताईला मीच सांगितलं होतं. हे आत्ताच आठवायची काही गरज नव्हती.

बायकोने विचारलं, ताईंना खरं सांगितलंस का. म्हटलं, योग्य वेळ पाहतोय. तिने पंचांग आणून समोर ठेवलं. फार वाईट वाटलं.

१७ जून
सांगायचं वाक्य तयार केलं: 'टूलने घोळ घातला.' बायकोला ऐकवलं. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. मग वाक्य बदललं: 'ताई, चूक माझी.' आरशासमोर म्हणून पाहिलं, जमतं. उद्या काही झालं तरी सांगणार.

१८ जून
गेलो. ताई गळ्यात टेप अडकवून एका आजींचं माप घेत होती. डोळ्यांखाली काळं आलंय. आजी गेल्यावर मी घसा साफ केला, तेवढ्यात तीच बोलली.

"रागावू नकोस रे. तू एवढं मर मर मरून करून दिलंस, आणि मी वेंधळीने काहीतरी भलतंच दाबलं. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती मला."

तिचे डोळे भरले होते. वाक्य अगदी जिभेवर होतं.

"अगं, होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

तिचा चेहरा एवढा मोकळा झाला की मला बघवेना. शेजारच्या दुकानातल्या बाईंना हाक मारून तिने सांगितलं, माझा भाऊ फार समजूतदार आहे, एका शब्दाने बोलला नाही. मग माझ्यासाठी चहा केला. मी प्यायलो. आणखी घेणार का म्हणाली. अर्धा कप घेतला.