काचपेटीत वहिनीची जोडवी

मी, पद्मावती बसवंतराव लाड, राहणार चिकपेट, बेंगळूर, हे माझ्या मनानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, बिघडलंय ते हृदय. डॉक्टर अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, दाराबाहेर नेऊन बोलले, पण मला ऐकू आलं. अठरा पूर्ण व्हायच्या आत लिहिलेला असला कागद चालत नाही म्हणतात, म्हणून थांबले होते. शाळा सातवीत सुटली, चुका असतील. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं मला काही म्हणायचंच नसतं.

१. माझ्या दोन साड्या आईला, म्हणजे सकवारबाईंना. नेसायच्या नसल्या तर फरशी पुसायला चांगल्या आहेत.

२. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, काच कापायचा हिरा आमच्या फ्रेमच्या दुकानासमोरच्या दुसऱ्या फ्रेमवाल्या पिराजीकाकांना, ज्यांचं नाव काढलं की अण्णा थुंकतो. अप्पा गेल्यावर अण्णानं हिरा लपवला, बाईमाणसानं हत्यार धरू नये म्हणून. गिऱ्हाइकांच्या काचा त्याच्या हातून तडकायला लागल्या तेव्हा मुकाट्यानं माझ्या खाटेवर आणून ठेवला.

३. नाण्यांची पेटी. नाणी रोमच्या राजाची, चांदीची, आजोबांना विहीर खणताना सापडली. मी पहिल्यांदा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मला दिली. फ्रेम करायला आलेले म्युझियमचे साहेब म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. मग दुकानातल्या उरलेल्या सागवानी पट्ट्यांची मी पेटी केली. मखमल घातली तर राजाचं तोंड दिसतं, मागची बाजू नाही. म्हणून तळाला आरसा बसवला आणि नाणी त्याच्या वर काचेच्या पट्टीवर ठेवली. स्वल्प वाकलं की दोन्ही बाजू दिसायच्या. साहेबांनी पेटी दसऱ्याच्या प्रदर्शनात मांडायचं कबूल केलं, कार्डावर माझं नाव घालून. मला दुसरं काही नको होतं.

त्याआधी अण्णाचं, भीमसेनचं, लग्न झालं. मी इस्पितळात होते. परत येऊन पेटी उघडली तर आरशात नुसतं माझं तोंड. नाणी आटवून वहिनीची जोडवी केली होती. अण्णा म्हणाला, "चांदी ती चांदीच की गं. पेटीत ठेवून पूजा करणार होतीस काय?" आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या पायात कोण घालणार आहे जोडवी? वहिनीच्या पायात तरी बघ."

मी "सरी, बरं" म्हटलं आणि आत गेले.

क्षमावहिनीला हे महिन्यानं कळलं. माझ्या खाटेशी बसून ती जोडवी काढायला लागली. मी तिचा हात धरून "असू दे" म्हटलं. तेव्हा लाज वाटली. कागदावर वाटत नाही.

४. अप्पांच्या मागे दुकानाचे तीन वाटे झाले, आई, अण्णा आणि मी. माझा वाटा अण्णाला मिळावा, पण अट अशी. मी गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला, हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांसमोर, आईनं स्वतःच्या हातानं वहिनीच्या पायातली जोडवी काढून पेटीत ठेवावीत. नवरा जिवंत असताना ती काढत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहिलंय. पुढच्या संक्रांतीपर्यंत वहिनीनं दुसरी घालू नयेत. पेटी दुकानात दर्शनी भागात ठेवावी आणि कार्डावर लिहावं, "रोमची नाणी. भीमसेन लाड यांनी आटवली."

यातलं एक जरी मोडलं तर माझा वाटा पिराजीकाकांना जावा. ते दुकानाच्या मधे भिंत घालतील.

वहिनी वाईट नाही. मला पेज तीच भरवते. पण आईला आणि अण्णाला जन्मभर बोचेल असं माझ्याजवळ दुसरं काही नाही.

दुसऱ्या साक्षीला मी तिलाच बोलावलं. ती आमच्यात येऊन मराठी बोलते, पण शाळा कन्नड, ही अक्षरं तिला लागत नाहीत. तिनं विचारलं, "माझं काय लिहिलंयस त्यात?"

मी म्हटलं, "तुझं नाव आहे."

तिला बरं वाटलं. मी बोट ठेवलं तिथे तिनं सही केली आणि म्हणाली, "आता स्वल्प पड. दमलीस."

लिहून देणार: पद्मावती बसवंतराव लाड

साक्षीदार:
विश्वेश्वर गुंडो कुलकर्णी, कंपाउंडर
क्षमा भीमसेन लाड (सही कन्नडमध्ये)

चिकपेट, बेंगळूर
३ जुलै १९६१