गच्चीवरच्या टबातला कंद

माय, मंगळवारी टँकर आला आणि टबातले सगळे मासे गेले. तुला सांगावं म्हणून बसले, तर कुठून सुरुवात करावी तेच सुचून न्हाई राह्यलं. तू असतीस तर आधी चार शिव्या हासडल्या असत्या, मंग बाही वर सारून पाण्यात हात घातला असता.

माझ्या लग्नात रुखवताच्या शेवटी तू काय मांडलंस, आठवतं का? लाडू, शेवया, भरतकामाची उशी, आणि त्यांच्या शेजारी कळशीत गप्पी मासे अन् ओल्या गोणपाटात बांधलेला कमळाचा कंद. घरातल्या लेकीला हे द्यायचंच. तुला तुझ्या आईनं दिलं, तिला तिच्या आईनं. माझी सासू कळशीत डोकावली आणि ओरडली, "अगं बाई, जिवंत हाय की हे!" सारा मांडव हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झाल्तं. तू मात्र ठसक्यात म्हणालीस, "जिवंत हाय म्हणूनच दिलं. भांडी तर समदेच देतात."

मी शेतकऱ्याची पोर. लावायचं म्हणजे शेणखत आलंच, एवढंच मला ठाऊक. शहरात, मस्तगडातल्या या गच्चीवर सिमेंटचा टब आणला, टोपलीत काळी माती भरली, त्यात चांगलं दोन ओंजळी खत कालवलं. पाणी फेसाळलं, मासे पोट वर करून तरंगले. तू राजूरहून एसटीनं आलीस, नवे मासे डब्यात घेऊन. चहासुद्धा घेतला न्हाई. "कुणाच्या घरात शेण टाकतीस का गं? कमळाचं घर माती हाय, माशाचं घर पाणी. दोघांचं बराबर भागलं पाह्यजे." टोपलीतली माती बदललीस, मासे उकरतात म्हणून वर खडे पसरलेस, टोपलीखाली विटा रचल्यास. पानं वर आली की एक वीट काढायची, मंग दुसरी. लेकराला एकदम खोल पाण्यात सोडत न्हाईत, म्हणालीस. कडेला वेखंड लावलंस, माशांना लपायला, आणि पुढंमागं घरात बाळ आलं तर उगाळायला. जाता जाता कंद कसा पाहायचा तेही सांगितलंस. अंगठ्यानं दाबायचा. कडक लागला तर जिवंत, पिचकला तर गेला. गेला तर रडत बसायचं न्हाई.

तुझा गावाकडचा हौद आता न्हाई, माय. भावाला ट्रॅक्टर उभा करायला जागा पाह्यजे होती, त्यानं मुरूम टाकून बुजवला. मी फोनवर विचारलं, कंद काढलेस का रे? तर म्हणे, "अक्का, त्यात काय व्हतं? नुसता चिखल व्हता." राग आला, पण त्याला तरी काय बोलणार? तू त्याला कधी काही शिकवलंच न्हाईस, लेकींचं म्हणून सगळं लेकींनाच दिलंस. त्याचा राग मला तुझ्यावर आहे, सांगूनच टाकते. म्हणजे तुझं म्हणून जे उरलं, ते या टबात.

मला लेक न्हाई. पण थोरल्याचं लग्न ठरलंय. होणारी सून घर बघायला आल्ती, तर पोरगी बाकी काही न बघता गच्चीवरच उकिडवी बसली. पानाखालून मासे निघाले की खुदकन हसायची. स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "आई, मला यातलं द्याल का?" त्या दिवशी मला तुझी इतकी आठवण आली की जिन्यात उभी राहून रडले.

आणि आता हे. यंदा नळाचा काही भरवसा न्हाई. आलेलं पाणी मी आधी ड्रममध्ये उन्हाला ठेवते, त्यातल्या औषधाचा वास गेला की मंगच टबात ओतते. मी ऑफिसात होते, टँकर आला. पानं सुकलेली बघून ह्यांनी पाइप सरळ टबातच सोडला. पाण्याला ब्लीचिंगचा वास डोळ्यांत पाणी येईल एवढा. बिचाऱ्यांनी चांगल्या मनानं केलं, पण माझ्या तोंडून नको ते निघालं. ते न जेवता बसले. पानं पिवळी पडलीत, देठ हाताला बुळबुळीत लागतात. नर्सरीवाला म्हणतो, "वॉटर लिली पाह्यजे ना मॅडम, कितीबी देतो." त्याला काय सांगू, कप्पाळ?

रोज संध्याकाळी बाही सारते, कोपरापर्यंत हात घालते, खडे बाजूला करते. कंद बोटाला लागतो. अंगठा ठेवते आणि काढून घेते. तू गेलीस त्या दिवशी दवाखान्यात सगळे म्हणत होते, झोप लागलीय तिला. मी तुझा हात दाबून पाह्यला, आणि मलाच आधी कळलं.

हा कागद टबातच सोडावा असं वाटलं होतं. पण पाण्यात शाई उतरेल म्हणून न्हाई सोडला, मासे न्हाईत तरी. काल सुनेचा फोन आल्ता, "आई, कमळ कसं आहे?" मी म्हणाले, चांगलं आहे. माय, मी अजून दाबून पाह्यला न्हाई.